ढाब्यावरच्या वाढप्यांना टिप मिळावी म्हणून नेमकं काय शिकवावं?

हायवे_बारा_टेबल

नमस्कार मंडळी. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोऱ्याच्या अलीकडे फॅमिली ढाबा आहे. आत बारा टेबलं, बाहेर चार खाटा. चार वाढपी, भट्टीवर दोघं, भांड्याला दोन ताया. गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं: ताडोब्याला जाणारी-येणारी नागपूर, मुंबई, हैदराबादकडची कुटुंबं, ट्रकवाले, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं. चौघांच्या जेवणाचं बिल सातशे ते अकराशेच्या घरात जातं. बिल गल्ल्यावर भरायचं, तिथेच सोप-मिश्रीची वाटी, अशी सध्याची पद्धत आहे.

पोरं कामाला चोख आहेत, पण त्यांच्या हातात वरचे पैसे जवळजवळ पडतच नाहीत. पगार मी देतो आणि टिप त्यात धरायची नाही हे ठरलेलं आहे. तरी मन लावून वाढणाऱ्याला गिऱ्हाइकाकडूनही त्याची पावती मिळावी असं वाटतं.

विचारायचं असं: बिलासोबत गोळी ठेवली की टिप वाढते म्हणतात, ते कितपत खरं? पोरांना काय, कोणत्या वेळी करायला सांगावं? फोनवरून बिल भरणाऱ्याकडून टिप येणार कशी, आणि आलेली वाटायची कशी? लाचारी न करता, गिऱ्हाइकाला न छळता जेवढं होईल तेवढंच हवं आहे.

आकडेमोड

गोळीचं खरं आहे, पण ऐकीव गोष्टीत त्यातलं महत्त्वाचं गळून जातं.

तो प्रयोग स्ट्रोमेट्झ, रिंड, फिशर आणि लिन या अमेरिकी संशोधकांनी २००२ मध्ये छापला. लोक पेपरमिंट म्हणतात, प्रत्यक्षात दिली होती छोटी चॉकलेटं. न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटात ८० टेबलांवर चार प्रकार करून पाहिले. काहीच दिलं नाही तेव्हा टिप बिलाच्या १८.९५ टक्के पडली. माणशी एक चॉकलेट दिल्यावर १९.५९. माणशी दोन दिल्यावर २१.६२. चौथ्या प्रकारात वेट्रेसने एकेक चॉकलेट घ्यायला लावलं, जायला वळली आणि लगेच परत येऊन आणखी एकेक घ्या म्हणाली, तेव्हा २२.९९.

शेवटच्या दोन्ही प्रकारांत चॉकलेटं माणशी दोनच होती. त्या दोघांत जो फरक पडला तो परत फिरण्याने. ठरलेल्या पद्धतीपलीकडे जाऊन हिने आपल्यासाठी केलं, असं बसलेल्यांना वाटलं. तुमची गल्ल्यावरची सोपची वाटी टिप का आणत नाही, याचं उत्तर यातच आहे. ती सगळ्यांना सारखी आहे आणि ती कुणी देत नाही, नुसती ठेवलेली आहे.

बाकीचे प्रयोग थोडक्यात, आणि आपल्याकडे घ्यायचे की सोडायचे तेही सांगतो.

ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे परत म्हणणाऱ्या वेट्रेसला जास्त टिप मिळाली, हे नेदरलँड्समध्ये व्हॅन बारेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. हे बिनधास्त उचला, फुकट आहे आणि चुकाही कमी होतात. मोकळं हसणं: सिएटलमध्ये १९७८ साली टिड आणि लॉकार्ड यांनी पाहिलं, किंचित हसण्यापेक्षा दिलखुलास हसल्यावर वेट्रेसला दुपटीहून जास्त टिप पडली. स्वतःचं नाव सांगणं: कॅलिफोर्नियात १९९० च्या प्रयोगात १५ टक्क्यांवरून २३. आपल्याकडे पोराने उभं राहून "माझं नाव अमुक, मी आज तुमची सेवा करीन" म्हटलं तर ते पाठ केलेलं वाटेल. त्यापेक्षा शर्टावर मराठीत नावाची पट्टी लावा. नावाने हाक मारली की माणूस त्या पोराला विसरत नाही.

बिलावर हाताने "धन्यवाद" लिहिणं, रिंड आणि बोर्डिया, १९९५: १६.३ वरून १८.१ टक्के. याच दोघांनी पुढच्या वर्षी बिलावर हसरा चेहरा काढून पाहिला. वेट्रेसची टिप २७.८ वरून ३३ वर गेली, पुरुष वेटरची मात्र २१.४ वरून जवळपास १८ वर आली. हा फरक एवढ्या थोड्या टेबलांवर योगायोगाचाही असू शकतो, पण पुरुषाला त्याचा फायदा झाला नाही एवढं नक्की. तुमचे चारही मुलगे असतील तर चित्रं नकोत, शब्द लिहा.

टेबलाशेजारी उकिडवं बसून बोलणं: लिन आणि मायनिअर यांच्या १९९३ च्या ह्यूस्टनमधल्या प्रयोगात टिप अडीच-तीन टक्क्यांनी चढली. आपल्याकडे हे अजिबात करायला लावू नका. खुर्चीवरच्या माणसापुढे पायाशी बसण्याला आपल्या गावांत जो इतिहास आहे तो ह्यूस्टनच्या वेटरला नाही. नजर सारख्या पातळीवर यावी एवढाच त्यातला गाभा आहे, ते कमरेत किंचित वाकूनही होतं. खांद्याला किंवा हाताला ओझरता स्पर्श केल्याने टिप वाढते असाही १९८४ चा एक प्रयोग आहे. तोही तिकडेच राहू द्या.

आता इशारा. अमेरिकेत टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, इतरांना ७.२५. तिथे टिप हाच पगार असतो आणि १५-२० टक्के ही रीत झालेली आहे. आपल्याकडे टिप टक्क्यांत मोजतच नाहीत, ती उरलेल्या सुट्ट्यांतून निघते. म्हणून हे आकडे इथे जसेच्या तसे उतरणार नाहीत.

आणखी एक, मालक म्हणून फार महत्त्वाचं. सेवा किती चांगली आणि टिप किती, यांचा संबंध आश्चर्य वाटावं इतका कमजोर निघालेला आहे. लिन आणि मॅकॉल यांनी २००० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, त्यात टिपेतल्या चढउताराचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग सेवेच्या दर्जाने उलगडला. त्यामुळे ज्याला टिप कमी पडते तो वाईट वाढतो असा निष्कर्ष काढून कोणत्याही पोराला बोलू नका.

गल्ल्यामागून

वरच्या सगळ्या गोष्टी बरोबर, पण तुमच्या ढाब्यावर त्यांचा उपयोग होण्याआधी एक अडसर काढावा लागेल. बिल गल्ल्यावर भरलं जातं म्हणजे पैसे देण्याच्या क्षणी वाढपी समोर नसतोच. टिप द्यायची इच्छा असलेला माणूससुद्धा परत टेबलाकडे चालत जाऊन पोराला शोधत नाही.

बिल टेबलावर न्या. छोटी स्टीलची ताटली, तीत बिल आणि चिमूटभर सोप. ताटली तोच पोरगा नेईल ज्याने वाढलं. पैसे तोच आणेल, सुटे तोच परत नेईल. ताटली ठेवली की दोन पावलं नव्हे, पार दुसऱ्या टेबलाकडे जायचं. शेजारी उभं राहिलं की माणसाला वसुलीवाला उभा असल्यासारखं वाटतं आणि हात आखडतो.

सुटे कसे द्यायचे यातच अर्धी टिप आहे. समजा बिल ७८० झालं आणि माणसाने दोन पाचशेच्या नोटा ठेवल्या. परत द्यायचे २२०. दोनशेची एक आणि विसाची एक अशी दिली तर तो दोनशे खिशात घालतो आणि वीस ठेवावे की नाही या विचारात तेही उचलतो. तेच शंभर, पन्नास, दोन विसाच्या, तीन दहाच्या असे दिले की वीस, तीस, पन्नास यांतलं काहीही सहज मागे ठेवता येतं. याच्या पलीकडे फोडू नका. वीस-बावीस नाणी ओतली तर डाव कळतो आणि चीड येते.

यासाठी सकाळी गल्ल्यात वेगळी चिल्लर लागते. बारा टेबलांना दहाच्या ५० नोटा, विसाच्या २५, पन्नासच्या १०, म्हणजे दीड हजार रुपये, एवढ्यात दुपार निघते. दहाची नाणी वैध आहेत, रिझर्व्ह बँकेने ते वारंवार सांगितलं आहे, तरी खेड्यापाड्यात काही दुकानदार ती घ्यायला कुरकुरतात. म्हणून टिपेसाठी नोटा बऱ्या.

दोन गोष्टी पूर्ण बंद. "सुटे नाहीत, राहू द्या का?" हे वाक्य, आणि पाच-दहा रुपये न विचारता कापणं. एकदा असं झालं की तो माणूस पुढच्या खेपेला फोनवरून पैशापैशाचा हिशेब करून बिल भरतो. सगळे सुटे मोजून परत, मग त्याची मर्जी.

आता फोनवरून पैसे. बिल ८६३ आलं की माणूस ८६३ टाकतो, गल्ल्यावरचा साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो, विषय संपला. रक्कम आधीच भरलेला क्यूआर कोड असेल तर वाढवून द्यायची सोयच नसते. उपाय दोन आहेत. पहिला, प्रत्येक पोराचा स्वतःचा कोड छोट्या कार्डावर. यात पैसा थेट त्याच्या खात्यात जातो, पण बऱ्याच जणांच्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच असतो, तो अनोळखी माणसांपुढे उघडा पडतो. ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी करून घ्या आणि मगच कार्ड छापा. दुसरा उपाय, सगळ्यांसाठी एकच कोड, पण रोजच्या विक्रीच्या खात्याशी न जोडलेल्या वेगळ्या खात्याचा. विक्रीच्या खात्यात टिप मिसळली की महिनाअखेरीला कोणता पैसा कुणाचा हे सांगता येत नाही, आणि पोरांचा विश्वास जातो तो तिथूनच.

कार्डावर एवढंच लिहा: "वाढणाऱ्यांसाठी, इच्छा असल्यास." बिलाच्या कोडला लागून ते ठेवू नका. लोक घाईत त्यावरच बिल भरतात, मग पैसे वळते करण्यात दहा मिनिटं जातात आणि गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. ताटलीच्या आतल्या बाजूला, बिलाच्या खाली असू द्या. रस्त्यावर रेंज कमी-जास्त असते, एका जेवणासाठी दोनदा पिन टाकायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. म्हणून दाराशी पत्र्याचा बंद डबाही ठेवा. खिशातली दहाची नोट जायला तेवढी वाट पुरते.

ताट_वाटी

पोरांना शिकवायचं म्हणता तर बसल्यापासून उठेपर्यंत सांगते. इतरांनी पैशाच्या वाटेचं सांगितलं, मी हाताच्या कामाचं सांगते.

पहिली खूण पाणी. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, गाडीतून उतरलेल्या माणसाला मेन्यूकार्ड नको असतं. बसल्यापासून एका मिनिटात पाणी टेबलावर. "गार आणू की साधं?" हा प्रश्न विचारायचाच, कारण म्हातारी माणसं आणि लहान मुलं माठाचं किंवा साधं मागतात. ग्लास बुडाशी धरायचा, बोटं काठाला लागता कामा नयेत. चार ग्लास चार बोटांत अडकवून आणणं ही सवय मोडायला आठवडा जातो, पण ती मोडाच. तान्हं मूल दिसलं तर बाटलीसाठी कोमट पाणी हवं का ते न सांगता विचारायचं.

ऑर्डर लिहून घ्यायची आणि त्यांच्याच शब्दांत परत म्हणायची. ते "भाकर" म्हणाले तर "रोटी" म्हणू नका. ते "वरण" म्हणाले तर "दाल फ्राय" करू नका. मुंबईचा पाहुणा "भाकरी" म्हणाला तर त्याच्यापुरती भाकरी. फक्त पदार्थ परत म्हणून उपयोग नाही, अटीही म्हणायच्या: "एक वांग्याची भाजी, तिखट कमी, एक वरण, कांदा-लसूण नको." चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं न खाणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. हीच अट विसरली जाते, कारण पोरगं भट्टीकडे ओरडताना फक्त पदार्थाचं नाव ओरडतं. चिठ्ठीवर अटीखाली रेघ मारायला लावा. ऑर्डर घेताना घरातल्या बाईकडे आणि मुलांकडेही पाहायचं. एकट्या पुरुषाकडे बघून सगळं विचारलं की बाकीचे तिघं तिथेच दुरावतात.

तिखट हा आपला सगळ्यात मोठा धोका आणि सगळ्यात चांगली संधी. बाहेरच्याला सावजी रस्सा किती जहाल असतो याचा अंदाज नसतो. ऑर्डर नक्की करण्याआधी छोट्या वाटीत दोन चमचे रस्सा चाखायला द्या. "हे आमचं नेहमीचं आहे, झेपलं तर असंच, नाही तर तेल-तिखट कमी करून देतो." दोन चमच्यांची किंमत काहीच नाही. ताट आल्यावर खाता न येऊन परत गेलं तर भाजी वाया, माणूस नाराज, आणि त्याचा राग निघतो पोरावर. बिलाच्या वेळी गोळीपेक्षा हे जास्त आठवतं.

भाकर गरम आणि दोन-दोन करून. चौघांना आठ भाकरी एकदम आणून ठेवल्या की शेवटच्या चार चामट होतात. दोन आणायच्या, त्या अर्ध्या संपल्या की पुढच्या दोन थापायला सांगायच्या. आग्रह एकदाच. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत तीनदा आग्रह चालतो, कारण तिथे बिल येत नसतं. ढाब्यावर दुसऱ्यांदा आग्रह केला की माणसाला वाटतं, बिल फुगवतोय.

परत फिरण्याची जी गोष्ट वर सांगितली तिचं आपलं रूप असं. पहिल्या वाढीत कांदा-लिंबू आणि ठेचा सगळ्यांना जातोच. जेवण मध्यावर आलं की त्याच पोराने जवसाची चटणी घेऊन परत यायचं, चमचाभर, विचारून. "ही जवसाची. भाकरीसोबत पाहा बरं." घरची नसेल तर घरची म्हणू नका, खोटं सांगायची गरज नाही. लहान मूल असेल तर चटणीऐवजी तूप-साखर लावून अर्धी पोळी. मुलाला दिलेलं आई-बाप विसरत नाहीत, पण मुलाचे गाल ओढायचे नाहीत आणि आई-बापाला विचारल्याशिवाय गोडही द्यायचं नाही.

हे प्रत्येक टेबलावर एकाच वाक्यात, एकाच क्षणी करायला लावलंत तर पंधरा दिवसांत मरून जाईल. शेजारच्या टेबलावर तेच शब्द ऐकू आले की त्यातला जीव गेला. पोरांना वाक्य पाठ करून देऊ नका. कुणाला काय द्यायचं हे त्यांनी बघून ठरवावं, त्यासाठी दिवसाला ठराविक खर्च करायची मोकळीक द्या. माणशी दीड-दोन रुपयांच्या वर तो जात नाही.

गोळीचं म्हणाल तर चॉकलेट विसरा. मार्च ते जून ते कागदाला चिकटून येतं आणि पावसाळ्यात त्याला पांढरट बुरशीसारखा थर धरतो. संत्र्याची कडक गोळी घ्या, वेगळ्या कागदात गुंडाळलेली. आपल्या भागाची ओळखही राहते. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवायची, नाही तर जुलैत पाझरते आणि मुंग्या येतात. चौघांना दोन-दोन म्हणजे आठ रुपये, हजाराच्या बिलावर एक टक्काही नाही. सोप भाजलेली, लहान वाटीत, चमच्यासह. मोठी वाटी ठेवली की ओले हात जातात, गोळे होतात आणि कुणी शिवत नाही.

प्रवासी_बडनेरा

समोरच्या बाजूने चार ओळी. कोणत्या गोष्टींनी द्यायला निघालेला हात मागे जातो? बिल मागितल्यावर पंधरा मिनिटं न येणं. अजून हात धुवायचे असताना आंबट वासाच्या फडक्याने टेबल पुसायला घेणं. "काही खुशी?" असं तोंडाने विचारणं. बिल कुणाला द्यायचं हे पोराने स्वतःच ठरवणं; दोन मित्रांत "मी देतो, मी देतो" चाललं असेल तर ताटली मधोमध ठेवून निघून जावं, एकानेच बिल मागितलं असेल तर त्याच्यापुढे ठेवावी. आणि हात धुवायच्या जागी साबण नसणं. शेवटची आठवण तिथलीच राहते आणि बिल नेमकं त्यानंतर येतं.

हायवे_बारा_टेबल

खूप उपयोगी, आभार. बिल टेबलावर न्यायचं उद्यापासूनच. ट्रकवाले आणि गावातली माणसं यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. त्यांच्याशी कसं वागायला सांगू?

खाट_आणि_चहा

गावातल्या मानसाकडून टिपीची वाट पाहू नका भाऊ. वाढपी कोनाचा पोट्टा हाये हे त्याले माहीत राह्यते, त्याच्या बापासंग याचं उठनं-बसनं राह्यते. त्याच्या हातावर दहा रुपये ठेवनं दोघायलेही जड जाते. त्यानं "बरा हाये ना बे?" इचारलं तं पोट्ट्यानं दोन शब्द नीट बोलाव, रस्सा मांगितला तं कुरकुर न करता वाढाव. थो मानूस लग्नाची, बारशाची ऑर्डर तुमच्याकडे घेऊन येते. तिकडून पोट्ट्यायले पंगत वाढाचे येगळे पैसे काढून देजा, तेच त्याची टिप समजा.

ट्रकवाला एकटा राह्यते, भलत्या येळी येते. त्याले खाट अशा जागी पाह्यजे का जेवता जेवता गाडी दिसली पाह्यजे. खाट झाडून द्या, हातपाय धुवाले बालटीभर पानी द्या, निंगताना त्याची पाच लिटरची कॅन गार पान्यानं भरून द्या. कॅन भरून देनं हेच सगळ्यात मोठं. बिल एकशे चाळीस झालं तं थो दीडशे देते अन् "ठेव" म्हनते. तवा पोट्ट्यानं दहा घेऊन मान हालवाव, दोनदा नाही-नाही करत बसू नये. त्याले येळ नसते.

हिशेबवही

वाटणीचा प्रश्न राहिला आहे आणि भांडणं तिथेच होतात.

ज्याच्या ताटलीत रोख पडली ती त्याची, असा नियम ठेवला तर खिडकीजवळच्या आणि कूलरसमोरच्या टेबलांवरून ओढाताण सुरू होते, कारण बाहेरची कुटुंबं तिथेच बसतात. एकतर टेबलं रोज फिरवा (आज १ ते ३ ज्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे ४ ते ६), नाहीतर सगळं एकत्र करा. माझ्या मते रोख ज्याची त्याची आणि टेबलं फिरती. डबा आणि कोड यांचं मात्र एकत्र. स्वतःच्या हातात पडलेल्या नोटेचा आनंद काढून घेतला तर परत फिरून चटणी द्यायची इच्छाही जाते.

एकत्र झालेल्याची वाटणी अशी करता येईल. समजा आठवड्यात डबा आणि कोड मिळून २,१०० जमले. ३० टक्के, म्हणजे ६३०, भट्टीवरच्या दोघांना आणि भांड्याच्या दोन तायांना, माणशी १५७.५०. गरम भाकर आणि स्वच्छ ताटाशिवाय वाढप्याला टिप पडत नसते, म्हणून त्यांचा वाटा हवाच. उरले १,४७०. चार वाढप्यांनी ७, ६, ६ आणि ५ दिवस काम केलं असेल तर एकूण दिवस २४, दिवसाला ६१.२५. सात दिवसवाल्याला ४२८.७५, पाच दिवसवाल्याला ३०६.२५. वरखाली पैसे पुढच्या आठवड्यात धरा. आकडे भिंतीवर लावा, डबा दोघांसमोर उघडा, आणि आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी वाटा. महिनाभर साठवलं की रक्कम मोठी होते आणि संशयही.

ताटं फुटली, बिल चुकलं, याची वसुली टिपेतून करू नका. मालकाने त्यातला रुपयाही घेऊ नये, गल्ल्यावर स्वतः बसत असलात तरी.

कुणी सुचवेल की बिलातच पाच-दहा टक्के सेवाशुल्क छापा. तसं करू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क आपोआप किंवा दुसऱ्या नावाने बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना योग्य ठरवल्या. गिऱ्हाईक १९१५ वर तक्रार करू शकतं. जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठराविक दराने कर भरायची सोय) असाल तर जीएसटीही बिलावर वेगळा लावून घेता येत नाही. बिलात फालतू ओळी दिसल्या की टिप सगळ्यात आधी कापली जाते.

ताट_वाटी

बिलावर हाताने लिहायचंच असेल तर कामाचं लिहा. रिंड आणि स्ट्रोमेट्झ यांच्या १९९९ च्या प्रयोगात बिलाच्या मागे उपयोगी माहिती लिहिल्यावर टिप १७ वरून २० टक्क्यांवर गेली होती. ताडोब्याकडे जाणाऱ्याला "कोअर मंगळवारी बंद" किंवा "१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद" एवढी ओळ पुरते (कोअर म्हणजे जंगलाचा आतला, गाभ्याचा भाग). गेटच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या लिहू नका. एक वेळ चुकली की सकाळी साडेपाचला उपाशी उभा राहिलेला माणूस तुमच्या ढाब्याला शिव्या देईल.

हायवे_बारा_टेबल

ताटली, सुटे, चटणी, गोळी, सगळं एकदम सुरू केलं तर कशाचा उपयोग झाला ते कळणार कसं?

आकडेमोड

एकेक करा. पहिले पंधरा दिवस फक्त ताटली आणि सुटे. हा बदल सगळ्या टेबलांना सारखाच असू द्या, नाहीतर गल्ल्यावर गोंधळ होईल. प्रत्येक बिलाच्या कार्बन प्रतीवर टिप किती पडली ते पोराने लिहायचं, शून्य असेल तर शून्य. शून्य लिहायला पोरं विसरतात आणि मग सरासरी उगाच चांगली दिसते.

त्यानंतर गोळी. कुणाला द्यायची हे पोराने ठरवलं तर तो देणाऱ्यासारख्या दिसणाऱ्यालाच देईल आणि गोळीला श्रेय मिळेल. म्हणून खिशात २० चिठ्ठ्या, दहांवर "गोळी", दहांवर "नाही". जेवण आटोपून बिल मागितल्यावरच एक काढायची, आधी नाही, म्हणजे वाढताना दोघांशी सारखंच वागलं जाईल. वीस संपल्या की परत भरायच्या. दोन्हीकडे किमान चाळीसेक टेबलं झाल्याशिवाय निकाल काढू नका, एका हैदराबादवाल्याने पाचशे ठेवले तर दहा टेबलांची सरासरी खोटी होते. अशी अपवादात्मक टिप वेगळी लिहून ठेवा आणि तिच्यासह व तिच्याविना, दोन्ही सरासऱ्या काढा. दहाहून जास्त माणसांची टेबलं यातून वगळा. मोठ्या गटात टिपेचं प्रमाण कमी पडतं. गावातली ओळखीची टेबलंही वगळा.

टिपेची सरासरी रक्कम बघण्याआधी एक साधा आकडा काढा: शंभरातल्या किती टेबलांनी काहीतरी ठेवलं. तुमच्याकडे सध्या तोच आकडा तळाला आहे, आणि ताटलीने आधी तोच हलेल.